गिरणीमागची गाडी

लोकांना विचारून काय होतं म्हणता ना, तर ऐका. आपल्याकडचे तीन-चार दवाखाने मिळून बायकांच्या तपासणीची गाडी गावोगाव फिरवतात. मी तिच्यावर ड्रायव्हर. पिशोरला पारासमोर उभी करायचो, पण एक बाई चढायची नाय. गाडी बंद व्हायची वेळ आली, तेव्हा कुठं गाडीवरच्या सिस्टरनं बायकांनाच विचारलं.

एक म्हणाली, “पारावर समदे सासरे बसलेले. त्यांच्यासमोर कशी चढू? गिरणीमागं लावा. दळणाला कुणीबी येतं.”

पुढच्या खेपेला गिरणीमागं दळणाच्या डब्यांची ही लांब रांग. माझा जीव भांड्यात पडला. निवांत पारावर चहाला गेलो, तर तिथं बसलेल्या आबांनी विचारलं, “काय रे, गाडी बंद केली व्हय?”

म्हटलं, “व्हय आबा. इथं कुणी येतच नव्हतं.”