बाही किती ठेवू?

“हात दे, बाळा!” त्या आगीतली आपलीच हाक आईच्या कानांतून अजून गेली नव्हती. शिवणाच्या दुकानात पडद्याबाहेर बसून ती आतलं बोलणं ऐकत होती.

“टेप दंडाला लावू, की तूच धरतेस गं?”

“मीच धरते, काकू.”

“सावकाश धर. घाई माझ्या मशीनला असते, मला नाही.”

लेक खुदकन हसली.

“बाही किती ठेवू?”

“मनगटापर्यंत ठेवा हो,” आई बाहेरूनच म्हणाली. “भाजल्याचे डाग आहेत तिच्या हातावर.”

“ताई, ड्रेस तुम्ही घालणार की ती? बोल पोरी, तुला कशी हवी?”

पडदा जरा हलला.

“आखूड. आई, कधी बोलले नाही, पण याच हाताला धरून तू मला बाहेर ओढलंस. तो झाकू कशाला? मिरवीन की!”