किल्लीला अडकवलेलं लेबल

विहीण : आणि इथे काय केलंय, व्याहीबुवा? पट्ट्याला गाठ मारलीय की काय?

ड्रायव्हर : गाठच आहे. बेल्ट मध्येच तुटला होता, जोडून घेतला. तुम्ही उन्हात कशाला उभ्या राहता, विहीणबाई? आत बसा. तीस वर्षं ट्रक चालवतोय, एक खिळा पडू दिला नाही.

विहीण : खिळ्याचं काय घेऊन बसलात? ही भट्टी चौदाशे किलोची आहे. माझ्या सुनेच्या बेकरीत जायची आहे, म्हणून विचारते.

ड्रायव्हर : तुमची सून ती दोन वर्षांपूर्वी झाली. त्याआधी सव्वीस वर्षं नुसती माझी मुलगी होती. तिची भट्टी मी पाडीन का?

विहीण : तुम्ही कशाला पाडाल? पट्टा पाडेल. किती पेलतो हा?

ड्रायव्हर : तीन टन. असे दोन आहेत. तीन न् तीन सहा. चौदाशे किलोला सहा टन, डोळे मिटून नेईन.

विहीण : डोळे उघडेच ठेवा. तीन टन कुठे लिहिलंय? लेबल दिसत नाही.

ड्रायव्हर : कापलं. वाऱ्यावर फडफडतं हो ते. काच खाली केली की मागून नुसती फडफड, डोकं उठतं. नवा बेल्ट आणला की आपलं पहिलं काम काय, तर कात्री.

विहीण : कात्री.

ड्रायव्हर : का हो? काय झालं?

विहीण : बावीस वर्षं मी पट्ट्यांच्या कारखान्यात काय करत होते, आठवतंय?

ड्रायव्हर : शिलाई मशीनवर होतात. लग्न जमवताना बोललो होतो आपण.

विहीण : लेबलं शिवत होते. दिवसाला चारशे. मान मोडून यायची. आणि तुम्ही त्यांना कात्री लावता. मला राग आलाय, सांगून ठेवते.

ड्रायव्हर : अहो, फेकून नाही दिलं. हे बघा, किल्लीला अडकवलंय. निळं आहे, शोभून दिसतं.

विहीण : शोभतंय खरं. आता वाचा.

ड्रायव्हर : चष्मा केबिनमध्ये राहिला.

विहीण : मग मी वाचते. वर ठळक अक्षरात, तीन हजार किलो. एवढंच वाचलं होतंत ना?

ड्रायव्हर : ठळक लिहिलंय म्हणजे तेच महत्त्वाचं असणार.

विहीण : त्याच्यापुढे लिहिलंय, तुटण्याचा भार. तीन हजार झाले की हा तुटतो. आणि खाली बारीक अक्षरात, सुरक्षित भार. एक हजार.

ड्रायव्हर : तीन हजाराला तुटतो ना? मग दोन हजार नऊशेपर्यंत कसली भीती? कंपन्या हात राखूनच लिहितात.

विहीण : बरं. तुम्ही पैज लावून एकवीस केळी खाल्ली होतीत ना?

ड्रायव्हर : हे कोणी सांगितलं तुम्हाला?

विहीण : सुनेनं. पुढचंही सांगितलं.

ड्रायव्हर : दोन दिवस दवाखान्यात होतो. त्याचं इथे काय?

विहीण : एकवीस हा तुमचा तुटण्याचा भार. उद्यापासून रोज वीस वाढते. एक कमीच आहे.

ड्रायव्हर : रोज कोण खाईल वीस? फार तर सात.

विहीण : सात. एकवीसचा बरोबर तिसरा हिस्सा. तुमच्या पोटाला नियम पाठ आहे, डोक्यालाच तेवढा माहीत नाही.

ड्रायव्हर : तुमच्यापुढे बोलायची सोय नाही. बरं, हजारच धरा. दोन बेल्टचे दोन हजार. तरी चौदाशेच्या वरच.

विहीण : गाठीचाही धरला? गाठीनं निम्मी ताकद जाते. त्यातून हा एकदा तुटलेला. हा बाद.

ड्रायव्हर : दुसरा तर नवाकोरा आहे.

विहीण : पट्टा नवा आहे. हा हूक कुठला?

ड्रायव्हर : मूळचा हरवला. मोटारसायकल बांधायच्या बेल्टचा काढून लावलाय.

विहीण : म्हणजे पट्टा हजाराचा आणि हूक दोनशेचा. दोघांत जो लहान, त्याचा आकडा खरा. चौदाशे किलोची भट्टी तुम्ही दोनशेच्या भरवशावर नेणार.

ड्रायव्हर : ढकलून बघा, तसूभर हलणार नाही.

विहीण : ट्रक उभा आहे म्हणून. ब्रेक मारलात की ट्रक थांबेल, भट्टीला कोण सांगणार थांब म्हणून? आणि चढावर झटक्यानं पुढे निघालात तर ती मागे येईल. मध्ये राहिली ती ट्रकची मागची फळी.

ड्रायव्हर : इथून बेकरी सहा किलोमीटर. चढ एकच आहे. हळू नेईन.

मुलगी : बाबा, झालं का? आई, तुम्ही बाबांबरोबर केबिनमध्ये बसा. मी आणि हे स्कूटरवर ट्रकच्या मागेच राहतो. भट्टी जरा जरी हलली तरी आम्हाला दिसेल.

विहीण : सांगा की तिला, व्याहीबुवा. चढ एकच आहे म्हणून.

ड्रायव्हर : मागे यायचं नाही.

मुलगी : का?

ड्रायव्हर : नाही म्हणतो ना. तुम्ही पुढे व्हा, बेकरीचं दार उघडून ठेवा. ट्रकच्या मागे कोणी राहायचं नाही.

मुलगी : पण निघताय ना आत्ता? भट्टी आज लागली नाही तर उद्या उद्घाटनाला पाव कशात भाजू?

विहीण : अर्धा तास दे. तुझ्या बाबांनी सगळे पट्टे बदलायचं ठरवलंय.

मुलगी : बाबांनी? आपणहून?

ड्रायव्हर : आपणहूनच. जा आता.

(मुलगी जाते. स्कूटर सुरू होऊन दूर गेल्याचा आवाज.)

ड्रायव्हर : घाबरलो हो मी. ती मागे असणार हे डोक्यातच नव्हतं.

विहीण : दिसलं मला.

ड्रायव्हर : आणि ते मघाशी खिळ्याचं म्हणालो ना, ते तितकंसं खरं नाही. एकदा लोखंडी कपाट पडलं होतं. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

विहीण : माहीत आहे.

ड्रायव्हर : तेही सुनेनं?

विहीण : लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात.

ड्रायव्हर : मुलगी माझी आणि वकीलपत्र तुमचं. बरं, बदलायचे ठीक आहे, पण आणायचे कुठून? बाजार गावाच्या दुसऱ्या टोकाला.

विहीण : माझ्या पिशवीत चार आहेत. निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं भेट दिले.

ड्रायव्हर : भेट म्हणून बेल्ट? घड्याळ देतात ना?

विहीण : घड्याळं संपली होती.

ड्रायव्हर : म्हणजे सकाळपासून हे पिशवीत घेऊन फिरताय, आणि मला केळी मोजायला लावलीत? आल्या आल्या द्यायचे होते.

विहीण : घेतले असतेत?

ड्रायव्हर : नसते घेतले.

विहीण : मग? धरा. हूक फळीला नाही, खालच्या लोखंडी कड्यांना. चार कोपऱ्यांना चार. आणि भट्टीच्या धारदार कडेवर गोणपाटाची घडी घाला, नाहीतर पट्टा कापत जाईल.

ड्रायव्हर : थांबा, चष्मा आणतो. हं. सुरक्षित भार, एक हजार. चार बेल्ट, चार हजार.

विहीण : तिरके बांधले की थोडी ताकद कमी धरायची. तरी पुरून उरेल. या वेळी बारीक अक्षरं वाचलीत, बरं वाटलं.

ड्रायव्हर : ही लेबलं तुम्ही शिवलेली?

विहीण : शेवटच्या दिवशी. एकाची शिलाई जरा वाकडी आहे, डोळे भरून आले होते तेव्हाची. कात्री हवीय का? पिशवीत तीही आहे.

ड्रायव्हर : नको.

विहीण : फडफडतील हं वाटेत. डोकं उठेल.

ड्रायव्हर : उठू दे. काच खालीच ठेवतो. फडफड थांबली तर बेल्ट सुटला की काय, ते उतरून बघता येईल.