अभयारण्यातलं गाऱ्हाणं

अरे, आमच्या अभयारण्यातल्या वन्यजीव सप्ताहाचं सांगायचंच राहिलं. माझ्या काजूच्या बागेत गवारेड्याने मला उडवलं, तेव्हा फॉरेस्टच्या दोघा पोरांनी पाठीवर घालून जीपपर्यंत नेलं. नाहीतर आज तुमच्या डोक्याला कटकट करायला मी कुठला असणार? म्हणून त्यांचे आभार मानायला स्टेजवर चढलो. बाजूला फॉरेस्टचे मोठे साहेब उभे. खालून बायको ओरडली, "शिव्या घालू नका हां!"

माईक हातात आला. भाषण कोणाला येतंय? पोरं समोर उभी. मग देवळात घालतो तसं सरळ गाऱ्हाणंच घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पोरांनी माझा जीव राखला, त्यांचा तू राख!"

देवळातल्यासारखाच सगळा मांडव गरजला, "व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या चुलीवर सदा पेज शिजू दे!"

"व्हय म्हाराजा!"

त्यातलं एक पोर डोळे पुसायला लागलं. मलाही जोर चढला. "आणि त्या गवारेड्यालाही सुखात ठेव, पण माझ्या बागेत नको, मोठ्या साहेबांच्या बंगल्यात धाड!"

सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाले ते बाजूला हात जोडून उभे असलेले मोठे साहेबच. देवळातली गाऱ्हाणी ऐकतच वाढलेला कोरगावचा माणूस तो! गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं.