एका नाड्यात दोन चाव्या

मी कामन गावचा. बा भातशेती करायचा, पन मला चिखलापेक्षा ग्रीस आवडायचं, म्हनून भिवंडी रोडला एका उस्तादाकडं राहून काम शिकलो आनि तिथंच पुढं माझं गॅरेज टाकलं. मशीन-बिशीन काय नाय आपल्याकडं. बोनेटला कान लावायचा, गाडी सोताच सांगते कुठं दुखतंय ते.

नीलेश म्हंजे माझा मेव्हना, बायकोचा धाकटा भाऊ. पाना कसा धरायचा ते मी शिकवलं त्याला. पाच वर्सं माझ्या हाताखाली काढली आनि मंग गेला चंदनसारला, सोताचं गॅरेज टाकलं, काय सांगू तुमाला, काचेची केबिन, एसी, गाडीला लावायचं स्कॅनर, गिऱ्हाइकाला कॉफी देतो! बायको म्हनते, माझ्या भावाचं बगा कसं चाललंय. मी म्हनतो, बगतोय ना, दुसरं काय करतोय. खोटं कशाला बोलू, जळतो मी त्याच्यावर. भाऊबीजेला येऊन पाया पडतो, तेवा पन जळतो.

तर भुईगावचे विजयदादा, वाडीवाले, त्यांच्या गाड्या वीस वर्सं माझ्याच हातात. गेल्या म्हयन्यात त्यांनी नवी गाडी घेतली, दुपारी घरी आनून पूजा केली, आनि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचा साखरपुडा. सगळे नटूनथटून बसले आनि गाडी चालू होईना. रिक्षा बोलवा, कोनतरी म्हनालं, तर दादा म्हनाले, नवी गाडी दारात आनि पोरगी रिक्षात जानार? आनि फोन कोनाला केला? नीलेशला! नवी गाडी हाय, स्कॅनर लागंल म्हनून. मला फोन आला तासाभरानं, त्याला जमलं नाय तेवा. रस्ताभर मी शीळ घालत गेलो बगा.

पोचलो तर नीलेश घामाघूम, डोकं बोनेटमधी. बॅटरी टाइट, स्टार्टर चांगला फिरतोय, पन इंजिन काय उचलत नाय. म्हनाला, भावजी, स्कॅनर चावीचा फॉल्ट दाखवतोय, टो करून न्यायला लागंल. ते ऐकून पोरगी रडायलाच लागली. मी आत जाऊन बसलो. मीटरवर चावीचं चित्र लुकलुकत व्हतं, आनि खाली बगतो तर दोन्ही चाव्या एकमेकीला चिकटवून लाल नाड्यानं गच्च बांधलेल्या, वर हळदकुंकू. वहिनी, म्हंजे दादांची बायको, म्हनाल्या, पूजेचा नाडा हाय, आमच्यात पाच दिवस सोडत नाय.

आता या चावीत चिप असते, गाडी ती ओळखते तेवाच चालू होते. दोन चिपा एका जागी आल्या की गोंधळते, कोनालाच ओळखत नाय. कामनच्या एका गोदामवाल्याची गाडी अशीच अडली व्हती, दोन चाव्या एका कडीत, माझा अख्खा दिवस गेला व्हता तेवा. स्कॅनर बरोबरच बोलत व्हता, पन त्याला नाडा थोडाच दिसतो!

नीलेशचं डोकं अजून बोनेटमधीच. मी वहिनींना हळूच म्हनालो, एक चावी नाड्यासकट देवापाशी ठेवा, शुभ कामाला निघताय, थोडा आशीर्वाद घरी पन ऱ्हाऊ द्या. त्यांना पटलं, नाडा न सोडता एक चावी ओढून काढली आनि दुसरी आत देवापाशी नेऊन ठेवली. मंग मी पुढं गेलो, नीलेशला सरकवलं बाजूला, उगाच दोन वायरी हलवल्या, फडक्यानं पुसल्या आनि दादांना म्हनालो, मारा सेल. झाली की चालू!

दादांनी मिठी मारली. मी मात्र नीलेशचं तोंड बगत व्हतो, ते पडलेलं बगायचं व्हतं मला. तर तो हसत व्हता. भावजी, काय केलंत? मी म्हनालो, हात बसावा लागतो, बाबा. तेवढ्यात वहिनी म्हनाल्या, नीलेशनीच तुमाला फोन करायला लावला. म्हनाला, आता माझ्या उस्तादालाच बोलवा.

साखरपुड्याचं जेवन गोड लागलं नाय मला.

म्हयना झाला याला. नीलेश गिऱ्हाइकांना सांगतो, आमच्या भावजींनी दोन वायरी हलवल्या आनि गाडी चालू. कुठं गाडी अडली की आधी त्याच वायरी हलवून बगतो म्हने, खुळा! दोनदा फोन हातात घेतला सांगायला, पन तोंड उघडत नाय. देव त्याचं बरं करो, आनखी मोठं गॅरेज होवो त्याचं, असं मी रोज म्हनतो, आनि म्हनताना पन पोटात दुखतंच. तुमी लिहा हे सगळं, चाव्यांचं पन लिहा. त्याचं नाव बदलू नका. तुमचं लिहिलेलं तो वाचतो, आनि मला काय त्याच्या तोंडावर सांगता यायचं नाय.