पूर्वेचं दार आणि बिनडोळ्यांचा बुगो

...आणि कुणी म्हणून विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर! अख्ख्या बाजाराला ओरडून सांगत होते, बाबांनो, बाजाराचं पूर्वेचं दार बंद करायचं हे डोकं आपल्या बाजार समितीच्या अध्यक्षाचं नव्हे. तर मलाच म्हणतात, “योंगसुन, उन्हात बसून बसून तुला भास व्हायला लागलेत.”

आता तुम्हीच सांगा, प्यो अध्यक्षाला मी ओळखत नाही? दुपारच्या शेवया थंड खायच्या की गरम, हे ज्याला बायकोला फोन करून विचारावं लागतं, तो माणूस एके सकाळी उठतो आणि म्हणतो, पूर्वेचं दार विटा लावून बुजवा, पश्चिमेला नवं काढा? आणि पूर्वेच्या दारात बसतं कोण? मी. सासूच्या वेळेपासूनचा सुक्या मासळीचा ठेला. दार बुजलं की माझ्याकडे मांजरसुद्धा फिरकणार नाही.

गेले त्याच्याकडे. तर माझ्या चपलांकडे बघत म्हणतो, “समितीचा निर्णय आहे, वहिनी.” समिती म्हणजे तो, त्याचा मेव्हणा आणि ते कॉफीचं मशीन. म्हटलं, हे डोकं त्याचं नव्हे... मग राहिले त्याच्या बायकोच्या मागावर. बाई टेकडीवरच्या गल्लीत चाललेली, हातात खाऊच्या गोळ्यांची पिशवी आणि खेळण्यातली मोटार. पोरं लग्नं होऊन राजधानीत, सोलला गेलेली, मग मोटार कुणाला? म्हणजे हे डोकं तिचंही नव्हे!

गल्लीच्या टोकाला कोक भगतीण राहते. साठीची बाई, आवाज ट्रकवाल्यासारखा, पण तिच्या अंगात येतो बाळदेव. पाच वर्षांचा. बायको त्याला विचारणार, नवरा बायकोला विचारणार, आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवून अध्यक्ष निवडणार. बाजार चालवतंय कोण, तर पाच वर्षांचं पोर, तेही मेलेलं.

दुसऱ्या दिवशी मीही गोळ्या घेतल्या, चांगल्या तिळाच्या, आणि जाऊन गुडघे टेकले. भगतीण गाल फुगवून डोलायला लागली. म्हणते, “मावछी, तुजं दाल आंदलं आहे.”

दार आंधळं कसं असेल? तर हुंदके देत बोट वर. तिच्या चौकटीला पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला बुगो, अख्खा सुका मासा, टांगलेला, वाईट काही घरात शिरू नये म्हणून आपण सगळेच टांगतो तसा. शेपटीला माझ्याच ठेल्याची लाल सुतळी. आणि माशाला डोळे नाहीत. दोन्ही खोबण्या रिकाम्या.

आता बिनडोळ्यांचा बुगो रश्शाला चालतो हो, पण दारावर? वाईट येताना बघणार कोण, सुतळी? डोळे बघितल्याशिवाय दारावरचा मासा मी देतच नाही. म्हटलं, हा दिला कुणी? भगतीण मध्येच ट्रकवाल्याच्या आवाजात म्हणाली, “भाचीच्या लग्नाला गेली होतीस ना, तेव्हा,” आणि लगेच परत पाच वर्षांची झाली.

तेव्हा ठेल्यावर कोण होतं? आमच्या सनहीचे बाबा. समोर तांदळाच्या दारूचा वाडगा. आणि वाडगा समोर आला की त्यांना काहीतरी कुरतडायला लागतं, त्यात सुके डोळे म्हणजे जीव की प्राण... अहो, म्हणजे हे डोकं बाळदेवाचंही नव्हे, दार बुजायचं मूळ आमच्याच घरात!

“दोले कोनी खाल्ले?” बाळदेव म्हणाला. “नाव छांग. मग दाल लाहील.”

म्हटलं, सनहीचे बाबा.

“अछं नाव नछतं.”

अहो, सनही झाल्यापासून मी त्यांना तेवढंच म्हणत आलेय. आणि पडद्यामागे अध्यक्षाची बायको बसलेली, पडद्याखालून तिचे मोजे दिसत होते. इथे नाव निघालं की मी घरी पोचायच्या आत बाजारात पोचणार. एकीकडे नवरा, एकीकडे दार. खाली बाजारात गवंडी विटा उतरवत होता, त्याचा खणखण आवाज वर येत होता. गोळ्यांची पिशवी पुढे सरकवली आणि त्यांचं नाव स्पष्ट, पडद्यापर्यंत जाईल असं सांगितलं,

“बे मानशिक.”