आठ पिंडींची हळद

दि. ०९/०५/१९८७, सकाळी.

माझे नाव मनुबाई दामाजी तरे, वय अंदाजे साठ वर्षे, जात हिंदू कोळी, धंदा धवलारीण, राहणार खाडीकाठचा कोळीवाडा, डोंबिवली पश्चिम, जिल्हा ठाणे.

समक्ष पोलीस चौकीत हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर लग्न होऊन आल्यापासून राहते. धंद्याच्या जागी हवालदारसाहेबांनी आधी 'घरकाम' लिहिले होते, ते मी खोडायला लावले आहे. घरकाम सगळ्याच बाया करतात, त्यापायी कोणी त्यांना चौकीत आणत नाही. तसेच मी बोलते तसेच लिहावे, त्याला इस्त्री करू नये, असेही मी सांगितले आहे.

हवालदारसाहेब साताऱ्याकडचे. धवलारीण म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही म्हणून सांगते की, आमच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक कामाचं एक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. हळद दळायची तर धवला, लावायची तर धवला, दुसऱ्या दिवशी पोरीला न्हाण घालायचं तरी धवला. भटजी मागाहून येतो, आणि आला की आधी विचारतो, मनुबाईचं उरकलं का. कोळीवाड्यातली निम्मी लग्नं माझ्या तोंडून लागलीत. ज्याने माझ्यावर अर्ज केलाय त्या गुणाजी महिपत तांडेल याचंही मीच लावलं. त्यावरून माझ्या हातूनही एखादं काम फसतं हे मी कबूल करते.

हवालदारसाहेब 'गुणाजी यांनी' असं पुटपुटत लिहीत होते. 'गुणाजीने' लिहा असं मी सांगितलं. त्याच्या हळदीत त्याला चौघांनी धरून पाटावर बसवला होता, तो पळत होता. तेव्हापासून मी त्याला अरे-तुरेच करते.

काल गुणाजीच्या मुलीची, गोदाची, हळद होती. आज संध्याकाळी तिचं लग्न आहे, वऱ्हाड ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून येणार आहे. गुणाजीने अर्जात लिहून दिलंय की मी वैर धरून त्याच्या नव्याकोऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हळदीचं पाणी ओतलं, मशीन जाळलं आणि पोरीच्या हळदीत अपशकुन केला. मशीनचं काय ते सरकार बघेल. पण अपशकुनाचं मी सोडणार नाही. धवलारणीवर एकदा तो ठपका बसला की पुन्हा तिला कोणी मांडवात उभं करत नाही. आमचे दामाजी वारले, पोटी मूल झालं नाही. माझ्याकडे धवले आहेत, बाकी काही नाही. हे जसंच्या तसं लिहा, साहेब.

सदर मशीनबाबत विचारल्यावरून सांगते की, ते गुणाजीचं नाही. त्याचा पुतण्या कान्हा मानपाड्याला कारखान्यात वायरमन आहे, त्याने ते माझ्या पडवीत बसून बनवलं. स्वतःच्या घरात बनवलं असतं, पण गुणाजीने सांगितलं होतं, हे भंगार माझ्या दारात नको. कान्हा भंगारवाल्याकडून मोडक्या मशिनी उकरून त्यातले पावर ट्रान्झिस्टर काढून आणायचा आणि एकेक तपासत बसायचा. निम्मे मेलेले निघायचे. मेलेला निघाला की त्याचं तोंड असं व्हायचं की जणू घरातलंच कोणी गेलं. शेवटी आठ जिवंत मिळाले.

ट्रान्झिस्टर म्हणजे काय हे मी काय सांगणार, पण दिसतो कसा ते सांगते. खाली चपटी पट्टी आणि वर गोल टोपी. हुबेहूब महादेवाची बारकी पिंड. आवाज मोठा करायचं काम त्यांचं. काम करताना ते तापतात, म्हणून कान्हाने ते पेटीच्या पाठीमागे, बाहेरून, अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर ओळीने बसवले. त्यांची वीज पत्र्याला लागता कामा नये, म्हणून प्रत्येकाखाली अभ्रकाचा पापुद्रा घातला. तो पापुद्रा जुन्या इस्त्रीतून काढलेला. कान्हाच्या घरात सरळ दुकानातून आलेलं असं काही नसतंच.

वैर होतं काय, असं विचारल्यावरून सांगते की, मशीनशी माझं वैर कसलं? पहिल्यांदा ते वाजलं ते माझ्याच आवाजात. गेल्या पावसाळ्यात मला खोकला धरला तेव्हापासून आवाज मांडवाच्या टोकापर्यंत पोचत नाही. कान्हाच्या ते ध्यानात आलं होतं. माझ्या हातात माईक देऊन म्हणाला, मावशी, म्हणून बघ. मी म्हटलं. मला वाटलं दुसरीच कोणी बाई म्हणतेय, आणि बरी म्हणतेय. मग कान्हा बोलला की हे सगळं मी तुझ्यासाठीच करतोय, तुझा धवला शेवटच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे. माझ्यासाठी कोणी काही बनवल्याला जमाना झाला होता. मी त्याला त्या दिवशी भरलेली पापलेटं खाऊ घातली. आता असल्या मशीनमध्ये मी पाणी ओतीन का, हे साहेबांनीच ठरवावं.

गुणाजीचं म्हणाल तर, मशीन मुकं होतं तोवर ते भंगार. वाजायला लागलं तसं 'आमचं मशीन' झालं, आणि कान्हाच्या डोक्यावर देऊन मांडवात नेलं. पाहुण्यांना सांगितलं की नौपाड्याच्या दुकानातून आणलं. काल जळाल्यावर पुन्हा भंगार झालं, कान्हाला चार शिव्या बसल्या. आज साहेबांनी अर्ज वाचून दाखवला तर त्यात ते परत नवंकोरं झालंय. एवढे अवतार देवानेही इतक्या घाईने घेतले नसतील.

काल दिवेलागणीला मी हळदीचं ताट घेऊन मांडवात गेले. गोदा पाटावर बसली होती. हळद कालवून तयार होती. मी पहिला धवला उचलणार तोच गुणाजी आला आणि म्हणाला, आधी मशीनची पूजा. आमच्यात नवी होडी पाण्यात घालताना पुजतात, नवं इंजिन आणलं तरी पुजतात, त्यात वावगं काही नाही. त्याने माझ्या हातचं ताट घेतलं आणि मशीनच्या पाठीमागे गेला. तिथे त्याला त्या आठ पिंडी दिसल्या. त्याने हात जोडले. बायांनीही जोडले. खोटं कशाला बोलू, मीही जोडले.

कान्हा धावत आला. काका, ओलं लावू नका, ते कोरडं ठेवायचं असतं, असं तो दोनदा बोलला. गुणाजीने त्याला सगळ्यांदेखत विचारलं की तुझ्या बापाने देवाला कधी कोरडी हळद लावली होती काय. लोक हसले. कान्हाचा बाप वारलाय हे हसणाऱ्यांना माहीत होतं.

देवाला हळद करंगळीशेजारच्या बोटाने लावतात, टिकलीएवढी. गुणाजीने अंगठ्याने चोपडली. आठही पिंडींवर, भिंतीला चुना फासावा तशी, खाली पत्र्यावर ओघळ येईस्तोवर. वर नारळ फोडला आणि त्याचं पाणी शिंपडलं. कान्हा फडकं घेऊन पुसायला गेला तर गुणाजीने हात धरला. पुजलेलं पुसायचं नसतं, म्हणाला. आता हे खरंच आहे, आमच्यात पुसत नाहीत. त्यामुळे म्हातारी माणसंही गुणाजीच्या बाजूने बोलली. कान्हा फडकं घेऊन नुसताच उभा राहिला.

त्यानंतर मी माईक घेतला आणि हळदीचा धवला सुरू केला. पहिली ओळ चांगली गेली. पार खाडीपर्यंत गेली असं नंतर बाया म्हणाल्या. दुसऱ्या ओळीला गुणाजीने माझ्या हातातून माईक काढून घेतला. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहावं.

"मनुबाय, बस आता. तुजा आवाज कोनाला ऐकू येतो?"

आणि सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट लावली. पोरं नाचायला लागली. गोदाला हळद लागली ती धवल्याशिवाय लागली. ती माझ्याकडे बघत होती. मी खाली बसले. पाय दुखत होते म्हणून बसले नाही.

जेवणाची पंगत बसत होती तेव्हा मशीन घुमायला लागलं. गाणं आत आणि भुंगा बाहेर, असं. मग फोडणीत हळद करपते तसा वास आला. कान्हा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होता, तो 'बंद करा' म्हणत धावला, पण गुणाजीने आवाज आणखी वाढवला. त्याला वाटलं दम कमी पडतोय. मग बार झाला. धूर झाला, स्पीकरच्या कागदाने पेट घेतला आणि मांडवातले दिवे गेले. कोणाला इजा झाली नाही. एका पाहुण्याची लुंगी पेटणार होती, पण ती त्याने आधीच सोडली.

दिवे गेल्यावर बाया म्हणाल्या, मनुबाय, म्हण आता. मी म्हटलं नाही. ज्याने बसवलं त्यानेच उठवावं असं मला वाटलं. राग आला होता. अजून आहे, तोही लिहा. पण गुणाजीने मला उठवलं नाही. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि व्याह्यांच्या माणसांसमोर म्हणाला की ताट हिचं, हळद हिची, हिनेच घात केला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

ताट माझं होतं, हळदही माझी होती. हात गुणाजीचा होता. पुराव्याचं विचाराल तर कान्हाने जळालेली पेटी इथे आणून टेबलावर ठेवली आहे, तिची पाठ साहेबांनी बघावी. हळद वाळून पिंडींवर घट्ट बसली आहे आणि तिच्यात अंगठा उठलाय. गुणाजीच्या उजव्या अंगठ्याला मधोमध उभी चीर आहे, लहानपणी कालवं फोडताना कोयती लागली होती. तीच चीर टोप्यांवर आहे. तो इथेच उभा आहे, साहेबांनी त्याला अंगठा दाखवायला सांगितलं तेव्हा त्याने हात खिशात घातला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण न दाखवूनही होतं हे मी आजच पाहिलं.

जबाब इथवर आला असताना गुणाजीची बायको हौसाबाई चौकीत आली. ती धापा टाकत होती. तिने सांगितलं की गोदा कालपासून अंगावर हळद घेऊन बसली आहे आणि न्हायला तयार नाही. हळदीची पोर उंबरा ओलांडत नाही, म्हणून तिने आईकडे निरोप दिला होता. तो हौसाबाईने नवऱ्याच्या तोंडावर सांगितला.

"मनुबाय येत नाय तवर मी न्हानार नाय. वऱ्हाड आलं तरी नाय."

हे ऐकून गुणाजीने अर्ज मागे घेतो असं सांगितलं आणि कागद फाडून टाका म्हणाला. हवालदारसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मी त्यांना ते उचलायला सांगितलं. अर्ज त्याचा आहे, तो त्याने फाडावा. जबाब माझा आहे, तो पुरा लिहावा. अपशकुन हा शब्द त्याने गावासमोर काढला, तो गावासमोरच परत घ्यावा, आणि धवलारणीला बोलावणं लागतं, ते द्यावं. तोवर मी या बाकावरून हलणार नाही असं मी सांगितलं. पोर तिकडे खोळंबलीय हे मला कळत होतं. तिच्या बारशालाही मीच होते. तरी बसले.

गुणाजी टेबलाजवळ आला आणि मिशीत काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही असं मी सांगितलं. हवालदारसाहेबांना विचारलं, त्यांनाही ऐकू आलं नव्हतं. कान्हालाही नव्हतं. तेव्हा गुणाजी दुसऱ्यांदा बोलला, तो असा की बाहेर उभे असलेले रिक्षावालेही वळून बघायला लागले.

"अपशकुन नाय झाला. चूक माजी झाली. चल, मनुबाय, पोरीला न्हान घाल."

माझी गुणाजीविरुद्ध काही तक्रार नाही. जळालेली पेटी कान्हाला द्यावी, गुणाजीला देऊ नये. आठांतले तीन अजून जिवंत आहेत असं कान्हा म्हणतो, आणि ते बोलताना त्याचं तोंड जरा बरं झालं. न्हाणाच्या धवल्यात घरच्या माणसांची नावं घेऊन चार गोष्टी बोलायची आमच्यात रीत आहे. आज त्यात गुणाजीचं नाव येईल, आणि पिंडींचंही. त्याबद्दल त्याने पुन्हा अर्ज घेऊन इथे येऊ नये, ते गाणं असतं.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. माईक नव्हता. मला सगळा ऐकू आला, दाराशी उभ्या असलेल्या गुणाजीलाही ऐकू गेला, आणि तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा, मनुबाई दामाजी तरे. चीर नाही, पाहून घ्यावे.