मधल्या खोलीतली तिजोरी

हॅलो? … हां, बोल. निघालात दवाखान्यातून? … बसलीस गाडीत? पायाखाली उशी घे. … थोरली लेक चालवतेय ना? मग तिला सारखं बोलण्यात गुंतवू नकोस.

आवाज? कसला आवाज? … शेजाऱ्यांकडे काहीतरी चाललंय. ठोकाठोक.

छे! दम कुठे लागलाय मला? निवांत बसलोय.

अगं ऐक ना… तू खरंच थोरलीकडे राहायला जाणार? … हो, हो, ठरलंय. माहीत आहे मला. डॉक्टर जिना चढू नका म्हणाले, तेही माहीत आहे. … पण तीन महिने म्हणजे काय थोडे झाले का? … जेवेन की मी. जेवणाचं कुठे म्हणतोय मी? मी म्हणतोय…

एक मिनिट हं. अहो मुकादम! डावीकडून नको, भिंत खरवडतेय!

… मुकादम म्हणजे… मुकादम. हमालांचा. … बरं, सांगतो. ओरडणार नाहीस ना? … मधल्या खोलीतून तिजोरी काढतोय. … आपलीच! दुसऱ्या कुणाची काढणार?

कशाला म्हणजे? तुझा पलंग लावायला. खाली पलंग मावेल अशी तेवढी एकच तर खोली आहे. बाथरूम शेजारी, जिन्याची भानगड नाही. तिजोरी आणि तिच्याभोवतीची अडगळ गेली की पलंग आरामात बसतो. मापं घेतलीयत मी. … कधी काय? तू थोरलीकडे जाते म्हणालीस, त्याच संध्याकाळी. … तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. … बघ. म्हणालीसच.

नाही, मागच्या खोलीत नाही. घराबाहेरच चाललीय. एका सराफाला हवी होती, देऊन टाकली. … अगं, दुकानात होती तोवर ठीक होतं. लोकांची घड्याळं यायची दुरुस्तीला, रात्री सांभाळायला लागायची. आता आत काय असतं? तू माझ्यापासून लपवलेली बिस्किटं. … हो, दुसरी किल्ली होती माझ्याकडे. … संपली. … एकदम नाही गं, दोन-दोन करून. … साखर ठीक आहे माझी!

रडतेस का? … मग नाक कोण ओढतंय? … थोरलीला सर्दी झालीय. बरं. असेल.

कुठवर आली? … आली की, जवळजवळ. … जवळजवळ म्हणजे दारात. … दारात म्हणजे… चौकटीत. … अडकलीय गं. पुढे जाईना, मागे येईना. सगळे मिळून पहार लावतायत, पण ती हटायचं नाव घेत नाही.

मी? मी सुखरूप आहे. … आत. … आत म्हणजे खोलीत. मागून जोर लावत होतो ना. मुकादम म्हणाले होते, काका, तुम्ही लांब राहा. पण मला कुठे धीर! आता ते बाहेर, मी आत, मध्ये ही बया.

हसू नकोस. … थोरलीला कशाला सांगतेस? … हसा, दोघी हसा. टाके दुखतील तुझे, मग कळेल.

चहा मिळाला, वरून दिला त्यांनी. … वरून चढून बाहेर येऊ? या वयात? एका घरात एक मोडका खुबा पुरे आहे, बाईसाहेब.

काय? … कशाची मूठ? … आत आणताना मूठ काढली होती? कुणी? … तू काढून घेतलीस? मग मी कुठे होतो? … हो. दुकानाला कुलूप लावत होतो. शेवटचं. … घरी येऊन जेवलोही नव्हतो त्या दिवशी, नाही? … तू पण नव्हतीस जेवली? हे मला आज कळतंय.

अहो मुकादम! तिजोरीची मूठ काढा! बोल्ट आहे खाली! … मला कसं कळलं? घरातून फोन आलाय.

नाही गं, उकडत नाहीये. खिडकी उघडलीय ना. … कुठली म्हणजे? तिजोरीमागची. विसरलोच होतो आपण. कडी गंजली होती, तेल घातलं. सगळी गल्ली दिसते. पलंग असा आडवा टाकला की पडल्या पडल्या येणारे-जाणारे दिसतील तुला. हवं त्याला हाक मार, हव्या तेवढ्या गप्पा मार. मी मध्ये बोलणार नाही.

मग? … येशील?

… तिच्याकडे तुझं सगळं नीट होईल, मी कुठे नाही म्हणतोय? पण मलाही जमेल. अंघोळीचं पाणी काढेन, औषधं वेळेवर देईन. भात करपतो माझा, तेवढं सांभाळून घे. … अगं, घर खायला उठतं. एवढ्या वर्षांत असं कधी म्हटलं नाही तुला. आता म्हणतोय.

हॅलो? … आहेस ना? … बोल की काहीतरी. … हॅलो?

हा हॉर्न कुठला? फोनमधून येतोय की गल्लीतून? … दोन्हीकडून कसा येईल?

अगं! … अगं, तू तर… थोरलीकडचा रस्ता हा नव्हे! … कधी वळवायला सांगितलीस गाडी? … हसत होतीस तेव्हाच? आणि मला हे एवढं सगळं बोलायला लावलंस!

काच खाली कर. पूर्ण. … बारीक झालीस. … झालीस म्हणतो ना. … थांब, उतरू नकोस एवढ्यात. थोरलीला वॉकर काढू दे आधी.

काय हो मुकादम? … निघाली? बरं झालं. न्या, सावकाश न्या. … नाही, तुम्ही व्हा पुढे. मी येतो मागाहून. इकडे आमची मंडळी आलीय.

अगं, तो फोन ठेव आता. ऐकू येतंय मला.